नोंदवहीतला खोडलेला शब्द

प्राणी वर्तन आणि प्राणी कल्याण या विषयाच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. लहानपणापासूनची प्राण्यांची ओढ, घरात तेरा वर्षे सोबत राहिलेला कुत्रा आणि ‘त्याच्या डोळ्यांत पाहिले की त्याच्या मनातले सगळे मला कळायचे’ ही खात्री, एवढ्या शिदोरीवर त्यांनी हा विषय निवडला. वर्गात मात्र त्यांच्या वाट्याला आले ते संख्याशास्त्र, आणि हातात स्टॉपवॉच घेऊन दर पंधरा सेकंदांनी कागदावर खूण करत एकाच प्राण्याकडे तास-तास पाहत बसणे. अलीकडेच त्यांचा वर्ग अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या एका शेडला भेट देऊन आला. पिंजऱ्यातल्या एका कोंबडीबद्दल त्यांनी नोंदवहीत ‘ती दुःखी होती’ असे लिहिले. शिक्षिकेने ‘दुःखी’ हा शब्द खोडून शेजारी शेरा दिला: ‘काय दिसले ते लिही.’ त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. त्या विचारतात: जो विषय माझी माया पुसून टाकायला सांगतो आणि पिंजरे बांधणाऱ्यांच्याच दारात मला नेऊन उभे करतो, तो मी का शिकावा? हे सगळे सोडून एखाद्या निवारा केंद्रात कामाला लागणे जास्त प्रामाणिकपणाचे नाही का? घरच्यांचे म्हणणे आणखी वेगळे आहे: शिकायचेच असेल तर पशुवैद्यक हो, प्राणी कसे वागतात ते पाहायला पदवी कशाला हवी?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात अभ्यासक्रमाचा, कामाचा आणि घरच्यांचा असे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पण खरा सल त्या खोडलेल्या शब्दाचा आहे असे मला वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पत्राच्या मध्यावर तुम्ही सहज एक गोष्ट लिहून गेला आहात. ती कोंबडी तारेच्या जाळीवर बसली, तिने अंगावरची पिसे फुलवली, एका कुशीवर कलून ती पंख खालच्या तारेवर घासू लागली, पायांनी काहीतरी ओढून घेतल्यासारखे केले, मग उठली, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. ‘तिथे तर काहीच नव्हते’, असे तुम्ही पुढे लिहिले आहे. हे तुमच्या नोंदवहीत होते का? पत्रावरून तरी ते नव्हते असे दिसते. नोंदवहीत फक्त ‘दुःखी’ एवढेच होते.

तुम्ही पाहिले ते मातीशिवायचे धूळस्नान होते. मोकळी कोंबडी भुसभुशीत माती पायांनी आणि पंखांनी अंगावर उडवून घेते, ती पिसांच्या मुळापर्यंत जाऊ देते आणि शेवटी उभी राहून अंग झाडते. त्यामुळे पिसांवरचे जुने तेल निघून जाते आणि पिसे मोकळी राहतात. पिंजऱ्यात माती नसली तरी ही ऊर्मी नाहीशी होत नाही, आणि शरीर त्या सगळ्या हालचाली ठरलेल्या क्रमाने तारेवरच करत राहते. आता विचार करा, शेडच्या मालकापुढे किंवा नियम करणाऱ्या समितीपुढे ‘ती दुःखी होती’ असे म्हटले, तर समोरचा माणूस ‘मला तशी वाटली नाही’ असे म्हणून मोकळा होईल. पण ‘तासाभरात तिने इतक्या वेळा माती नसताना मातीत लोळण्याच्या हालचाली केल्या’ असे सांगितले, तर त्याला उत्तर द्यावे लागेल. तुमच्या शिक्षिकेने तुमची माया खोडली असे मला वाटत नाही. त्या मायेने टिपलेली सर्वांत मोलाची गोष्ट वहीबाहेर राहिली होती, आणि ती त्या मागत होत्या. शेरा जरा मऊ शब्दांत देता आला असता, हे मात्र मान्य.

तुमच्या म्हणण्यामागे एक गृहीत आहे, ते जरा तपासून पाहू. ते असे, की मनापासून माया असली की प्राण्याला काय हवे ते आपोआप कळते. या विषयाचा इतिहास काही वेगळे सांगतो. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांनी कारखान्यासारख्या चालणाऱ्या पशुपालनावर पुस्तक लिहिले, त्याने ब्रिटनमध्ये मोठी खळबळ उडाली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीत विल्यम थॉर्प यांच्यासारखे वर्तनशास्त्राचे जाणकार होते, आणि तिचा १९६५ चा अहवाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्या समितीने कोंबड्यांच्या पायांची काळजी वाटून अशी शिफारस केली, की पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षटकोनी जाळी नको, जाड तारेची आयताकृती जाळी असावी. शिफारस करणारी माणसे भली होती, अभ्यासू होती, आणि ऐकणाऱ्या कुणालाही ते पटले असते. पण १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक यांनी कोंबड्यांनाच दोन्ही प्रकारच्या तळांपैकी एक निवडू दिला, तेव्हा कोंबड्यांनी समितीने नाकारलेली ती बारीक जाळीच पसंत केली. अशा जाळीवर पंजाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. माणसाच्या डोळ्याला जे बोचरे वाटले, ते कोंबडीच्या पायाला कमी बोचत होते.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात कुणीही दुष्ट नाही. माया होती, हेतू चांगला होता, आणि तरीही कोंबडीला विचारायचे राहून गेले होते. तुम्ही जो विषय शिकत आहात, तो हे विचारायचे कसे, याचा विषय आहे.

आणि विचारणे वाटते तितके सोपे नाही. मरियन डॉकिन्स यांनी १९७० च्या दशकात कोंबड्यांना पिंजरा आणि मोकळे आवार यांतून निवड करू दिली, तेव्हा पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या सुरुवातीला पिंजऱ्याकडेच वळल्या. मोकळ्या जागेचा अनुभव मिळाल्यावर त्यांची पसंती बदलली. पहिल्याच दिवशी निष्कर्ष काढला असता, तर ‘कोंबडीला पिंजराच आवडतो’ असा दाखला पिंजरेवाल्यांच्या हाती आयता पडला असता. म्हणून पुढे केवळ पसंती न पाहता, एखाद्या गोष्टीसाठी प्राणी किती कष्ट घ्यायला तयार आहे हे मोजले जाऊ लागले. जॉर्जिया मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यांना निरनिराळ्या कप्प्यांत जाण्यासाठी दारे ढकलावी लागत, आणि त्या दारांवरचे वजन वाढवत नेले जाई. खेळणी, बोगदा, उंच फळी, जादा घरटे असे कप्पे होते, पण सर्वांत जास्त कष्ट मिंकांनी पोहण्याच्या पाण्यासाठी घेतले; ते पाणी बंद केल्यावर त्यांच्या शरीरातले ताणाचे संप्रेरक अन्न तोडल्यावर वाढावे तसे वाढले. जन्मापासून पिंजऱ्यात राहिलेल्या प्राण्याला पाण्याची ओढ राहिलेली नसते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते, आणि ते मिंकांनी स्वतः दिले होते.

आता तुमच्या कुत्र्याबद्दल. हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तो गेल्याचे दुःख तुमच्या पत्रात ताजे आहे. ‘चूक केली की तो नजर चुकवायचा, कान पाडायचा, त्याला कळायचे’, असे तुम्ही लिहिता. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमकी हीच अपराधी मुद्रा तपासली. मालकाने ‘खाऊ नको’ असे बजावलेला खाऊ कुत्र्याने खरेच खाल्ला का, याची खरी किंवा खोटी माहिती मालकाला देण्यात आली आणि कुत्र्यांचे वागणे टिपले गेले. ती मुद्रा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही यावर अवलंबून नव्हती. मालक रागावला की ती उमटत होती, कुत्र्याने काहीच केले नसतानाही. यावरून कुत्र्याला मन नसते असे मुळीच ठरत नाही. तुमच्या आवाजातली धार, तुमचा चेहरा, तुमचे वाकणे हे सगळे तो किती बारकाईने वाचत होता, हे त्यातून कळते. तेरा वर्षे तुम्ही त्याच्याकडे पाहत होता तशी त्याची नजरही तुमच्यावर होती, आणि हे कळल्याने त्या तेरा वर्षांतले काही कमी होते असे मला वाटत नाही.

‘भावना हा शब्दच या विभागात निषिद्ध आहे’, असे तुम्ही म्हणता. एके काळी जवळपास तशी परिस्थिती होती. जेन गुडाल यांनी चिंपांझींना क्रमांक न देता नावे दिली म्हणून केंब्रिजमध्ये त्यांना बोल ऐकावे लागले होते. पण १९६० च्या दशकातली ती भिंत आज बरीच खाली आली आहे. २००४ मध्ये हार्डिंग, पॉल आणि मेंडल यांनी उंदरांना दोन सूर शिकवले. एका सुरानंतर कळ दाबली की खाऊ मिळे. दुसऱ्या सुरानंतर कळ न दाबणे हिताचे, कारण दाबली तर त्रासदायक आवाज येई. मग या दोहोंच्या मधला, नक्की काय ते कळू नये असा सूर ऐकवला. ज्या उंदरांचे राहणीमान सतत अनपेक्षितपणे बिघडवले जात होते, ते त्या अनिश्चित सुराला खाऊच्या आशेने कमी वेळा आणि उशिरा प्रतिसाद देत होते. खचलेला माणूस ज्याप्रमाणे अर्धवट बातमीचा वाईटच अर्थ लावतो, त्याच्या जवळ जाणारे हे काहीतरी आहे. म्हणजे ‘दुःखी’ हा शब्द या विषयात आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला पायऱ्या आहेत आणि त्या चढाव्या लागतात.

या पायऱ्यांचा आणखी एक उपयोग आहे, जो मला स्वतःला फार उशिरा कळला. आपली माया मऊ केसांच्या, मोठ्या डोळ्यांच्या, आवाज करणाऱ्या जिवांपर्यंत सहज पोहोचते. माशापर्यंत ती पोहोचत नाही, कारण मासा ओरडत नाही आणि त्याचा चेहरा बदलत नाही. लिन स्नेडन यांनी २००३ मध्ये दाखवले, की ट्राउट माशाच्या ओठात दाह करणारे द्रव्य गेले की तो कडेकडेने झुलतो, ओठ तळाच्या खड्यांवर घासतो, खाण्याकडे किती तरी उशिरा वळतो, आणि वेदनाशामक दिले की ही लक्षणे कमी होतात. २०२२ मध्ये ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनक्षमतेविषयी कायदा केला, त्यात खेकडे आणि ऑक्टोपस यांसारख्या जिवांचाही समावेश झाला. कुणाला खेकड्याच्या डोळ्यांत पाहून गहिवरून आले म्हणून हे घडले नाही. पुराव्यांची छाननी करून घडले. ज्याच्यावर माया करणे आपल्याला जमत नाही, त्याच्याशीही न्यायाने वागायचे असेल, तर डोळ्यांत पाहण्यापलीकडचे काहीतरी हाताशी असावे लागते.

पंधरा सेकंदांच्या खुणांचा तुम्हाला कंटाळा येतो, तो मला समजतो. जीन आल्टमन यांनी बबून माकडांचा अभ्यास करताना जे ओळखले आणि १९७४ मध्ये नीट मांडले, ते असे की मनाला येईल तसे पाहिले तर डोळा भांडणे, पाठलाग, किंकाळ्या अशा ठळक गोष्टींकडेच धावतो आणि शांतपणे घडणारे सगळे निसटते. ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या प्राण्याकडे पाहण्याची सक्ती त्यासाठी असते. एका निवारा केंद्रात मी पूर्वी एका कुत्रीचे निरीक्षण केले होते. ती खोलीत गोल-गोल फिरायची, आणि तिथली सगळी मंडळी ‘ही दिवसभर फिरते, हिचे काही होणार नाही’ असे म्हणत. माझेही तेच मत झाले होते. चार दिवसांच्या खुणा मांडल्यावर दिसले, की ती दिवसभर फिरत नव्हती. वाटेवर पावलांचा आवाज आला आणि कुणी तिच्या दाराशी न थांबता पुढे गेले, की तिचे फिरणे सुरू होई. तिची खोली वाटेच्या टोकाला हलवली आणि दिवसातून काही वेळा कुणीतरी ठरवून तिच्या दाराशी थांबू लागले. फिरणे पुष्कळ कमी झाले, पूर्ण थांबले नाही. त्या खुणा नसत्या तर आम्ही तिच्यावर माया करत राहिलो असतो आणि ती फिरत राहिली असती.

शेडच्या दारात उभे राहणे म्हणजे त्यांना सामील होणे, हे तुमचे दुसरे गृहीत. ते मी झटकून टाकणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. एखाद्या वाईट जागेवर ‘कल्याण’ या शब्दाचा मुलामा चढवण्यासाठी अभ्यासकाचा वापर होऊ शकतो, आणि पुढे कुणाचे वेतन घ्यायचे, अहवाल दडपला गेला तर काय करायचे, हे प्रश्न तुम्हाला आयुष्यभर पुरतील. पण युरोपीय संघाने कोंबड्यांच्या उघड्या-बोडक्या पिंजऱ्यांवर बंदी घालण्याचे १९९९ मध्ये ठरवले आणि २०१२ पासून ती लागू केली, त्यामागे शेडमध्ये जाऊन मोजमाप करणाऱ्यांची अनेक वर्षांची मेहनत होती. त्या बदलातही पिंजरे राहिलेच. प्रत्येक कोंबडीला निदान ७५० चौरस सेंटिमीटर जागा, बसायला दांडी, अंडी घालायला आडोसा आणि टोचायला-उकरायला काही, एवढेच पदरात पडले. कुणाला हे फारच थोडे वाटेल, आणि ते थोडेच आहे. तरीही ज्या कोंबडीला बसायला दांडी मिळाली, तिच्यासाठी ती दांडी खरी आहे, असे मी मानते.

तुमच्या सदसद्विवेकाला मर्यादा आखण्याचा अधिकार आहे. विच्छेदन किंवा जिवंत प्राण्यांवरचा एखादा प्रयोग करवत नसेल, तर आयत्या वेळी गैरहजर राहण्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीलाच लेखी विचारा की याला पर्याय आहे का. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधणे, प्राण्यांची संख्या कमी ठेवणे आणि त्यांचा त्रास कमी करणे, तुमच्या विभागाला ठाऊक असणारच. त्यांचाच आधार घेऊन केलेली विनंती हट्ट ठरत नाही. आणि शेड, प्रयोगशाळा, प्राणिसंग्रहालय यांतले काहीच सहन होत नसेल, तर हा विषय सोडण्यात कमीपणा नाही. फक्त तो एका खोडलेल्या शब्दाच्या रात्री सोडू नका.

निवारा केंद्रात जरूर जा, आठवड्यातून एक दिवस, अभ्यास चालू ठेवून. तिथे मन निर्धास्त राहील असे मात्र समजू नका. जागा भरलेली असते, कुणाला घ्यायचे आणि कुणाला परत पाठवायचे हे रोज ठरवावे लागते, काही ठिकाणी कुणाला वेदनारहित मरण द्यायचे हेही. केवळ मायेच्या बळावर तिथे आलेली माणसे वर्ष-दोन वर्षांत आतून रिकामी होऊन निघून जाताना मी पाहिली आहेत. टिकतात ती बहुधा अशी, ज्यांच्याकडे मायेबरोबर एखादे कौशल्यही असते: कुठला कुत्रा भीतीने चावतो आहे आणि कुठला वेदनेने, हे ओळखण्याचे, किंवा मांजरीला लपायला साधे खोके दिल्याने काय बदलते ते दाखवून देण्याचे.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. पशुवैद्यक होणे हा उत्तम मार्ग आहे, पण तो याच वाटेचा वरचा टप्पा नाही. वेगळी वाट आहे. निदान, औषध, शस्त्रक्रिया हे करण्याचा परवाना त्या शिक्षणानेच मिळतो, तुमच्या पदवीने मिळणार नाही. आजारी शरीर बरे करण्यात तुम्हाला आनंद असेल, तर तिकडे वळण्याचा विचार खरोखर करा. तुमच्या पत्रात मात्र आजाराबद्दल एक ओळही नाही. सगळे पत्र प्राणी असा का वागतो, याने भरलेले आहे. या पदवीनंतर निवारा केंद्रे, प्राणिसंग्रहालये, वन्यजीव संवर्धन, पशुपालनातील तपासणी, संशोधन संस्थांतील नैतिकता समित्यांचे काम, धोरण आणि अध्यापन अशी क्षेत्रे असतात. संशोधनासाठी बहुधा पुढच्या पदवीची गरज पडते, आणि नोकऱ्या मुबलक आहेत असे मी सांगणार नाही. हे घरच्यांना झाकून न ठेवता सांगा. जे वाचक अजून प्रवेश घ्यायचा आहे अशा टप्प्यावर आहेत, त्यांनी माहितीपत्रकावरची चित्रे बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात: संख्याशास्त्र किती आहे, स्वतः आखलेले निरीक्षण करायला कधी मिळते, आणि प्रत्यक्ष कामाचा काळ कुठल्या जागी असतो.

तुम्ही स्वतः मात्र निर्णय आता घेऊ नका. पहिल्या वर्षात बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात जातो, आणि तेवढ्यावरून विषय आपला आहे की नाही हे कळत नाही. स्वतःचा एक प्रश्न घेऊन एक निरीक्षण पूर्ण करा, मग ठरवा. नोंदवहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसले ते, आणि उजवीकडे तुम्हाला जे वाटले ते, ‘दुःखी’ या शब्दासकट. उजवी बाजू कुणाला दाखवायची सक्ती नाही, पण ती फाडू नका. डावीकडे काय शोधायचे हे बहुधा तिथूनच सुचते. मग शिक्षिकेकडे जाऊन खोडलेल्या शब्दाबद्दल तक्रार न करता, त्या शेडमध्ये पुन्हा जाण्याची परवानगी मागता येईल का ते विचारा. पंधरा सेकंदांच्याच खुणा करा. माती नसताना मातीत लोळण्याच्या हालचाली तासाभरात किती वेळा होतात, दुपारी जास्त होतात का, एका कोंबडीने सुरू केले की शेजारची करते का, आणि मालक तयार असेल तर काही पिंजऱ्यांत भुसभुशीत मातीचा एक ट्रे ठेवल्यावर काय होते, ते पाहा. ट्रे ठेवल्याच्या पहिल्या दिवशी त्या कदाचित त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत, म्हणून किमान दोन आठवडे तरी हाताशी ठेवा.